साडूचा आकडा

गल्लीत त्याला सगळे काटेकोर म्हणायचे, आणि त्यात कौतुक किती नि टिंगल किती, हे म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागे. धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. एका बाजूला छत्रीवाला, दुसऱ्या बाजूला फोटोंना चौकटी करून देणारा, आणि मधे याचं दुकान, आत दीड माणूस मावेल एवढं. चौदाव्या वर्षी शाळा सोडून तो मामाच्या शेजारी तिथल्या स्टुलावर बसला आणि सहासष्टावं लागलं तरी हलला नव्हता. दुकानदारांचे तराजू, भंगारवाल्यांचे ताणकाटे, दवाखान्यातले तान्ह्या बाळांचे काटे, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. काटा आला की तो आधी त्याला शून्यावर आणायचा. 'शून्य नीट नसेल तर पुढचं सगळं खोटं,' हे त्याचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाईक ऐको न ऐको.

एकदा कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं काटा देताना डोळा मिचकावून सांगितलं, "जरा आमच्याकडे बघा." काटेकोरनं त्याच्याकडे नीट बघितलं आणि काटा तीन महिने परत दिला नाही. किराणावाला शेवटी बायकोला घेऊन माफी मागायला आला, तेव्हा कुठे मिळाला.

असा हा सरळ माणूस. त्याच्यात खोट एकच होती. त्याला साडू होता.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, शाळेत कवायत शिकवायचे, म्हणून सगळ्यांचे मास्तर. मास्तर उंच. मास्तरांची पाठ ताठ. मास्तर हसले की शेजारच्या घरातून कुणीतरी विचारायचं, काय झालं म्हणून. सासुरवाडीच्या फोटोत मास्तर मधोमध खुर्चीवर, आणि काटेकोर कडेला, एक कान चौकटीबाहेर गेलेला. सासूबाईंची पत्रं यायची ती मास्तरांच्या नावे, शेवटी एक ओळ, 'धाकट्या जावयांनाही सांगणे.' घरात काही अडलं की बायको म्हणणार, "भावोजींना विचारूया का?" आणि मुलगा! आकड्यांत जन्म घालवलेला बाप घरात बसलेला असताना तो पोरगा सायकल मारत गणित शिकायला मास्तरांकडे जायचा. कवायतीच्या मास्तरांकडे, गणित शिकायला! काटेकोरनं हे सगळं अडतीस वर्षं गिळलं होतं आणि त्यातलं काहीही पचलं नव्हतं. एवढंच काय, या गोष्टीतसुद्धा मास्तर 'ते' आहेत आणि काटेकोर 'तो', हे त्याच्या कानावर गेलं तर त्या दिवशी तो जेवायचा नाही.

दोघांचे खुबे एकाच वर्षी गेले. मास्तरांचा डावा, याचा उजवा. काटेकोरला स्टुलावर बसता येईना, बसलं तर उठता येईना. दुकानाला तीन महिने कुलूप. खुबा बदलला तर पुन्हा दुकान, नाही तर खिडकीतली खुर्ची आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या चौकशा. त्याला खुर्चीची भीती मरणापेक्षा जास्त वाटत होती आणि हे तो बायकोला उघड सांगत असे.

हाडांचे डॉक्टर दोघांचे एकच. त्यांनी एक्स-रेचे फोटो बघून मान हलवली, पण म्हणाले, "चाकू लावण्याआधी रक्त तपासू. तुमचं वय, तुमचं ब्लडप्रेशर. हे ऑपरेशन हृदयाला झेपेल का, ते आधी कळलेलं बरं." रक्त तपासलं आणि दोघांचीही रवानगी वरच्या मजल्यावर, हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे झाली.

डॉक्टरीणबाई बारीक अंगाच्या, बोलताना पेनाचं टोपण उघडझाप करणाऱ्या. त्यांनी दोघा साडूंना शेजारी बसवून सांगितलं, "हृदयावर ताण आला की ते रक्तात एक पदार्थ सोडतं. जेवढा ताण, तेवढा आकडा मोठा. तुमचे दोघांचेही मोठे आलेत. आता गोळ्या देऊ, अंगात साठलेलं पाणी उतरवू, आणि आकडा उतरतो का बघू. तुमच्या बाबतीत तो हजाराच्या आत आला, सूज गेली, दम कमी झाला, की मी खालच्या डॉक्टरांना हो म्हणते. तोवर नाही."

काटेकोरला अठराशे चाळीस, मास्तरांना एकोणीसशे दहा.

घरी आल्यावर बायकोनं, मुलाचे मार्क विचारायची त्या सवयीनं, विचारलं, "किती पडले?"

"अठराशे चाळीस," काटेकोर म्हणाला. "आणि भावोजींना एकोणीसशे दहा. यात कमी असलेलं चांगलं, बरं का." त्या दिवशी तो बिनमिठाचं जेवण शीळ घालत जेवला. आयुष्यात पहिल्यांदा तो मास्तरांच्या पुढे होता, सत्तरनं का होईना.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक काम सांगितलं होतं. रोज सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी वजन करायचं आणि वहीत लिहायचं. अंगात पाणी साठलं की ते वजनात आधी दिसतं, सूज मागून येते. दर सोमवारी नर्सबाईंना फोनवर आकडे सांगायचे, त्यावरून पाण्याची गोळी वाढवायची की कमी करायची ते ठरणार. दवाखान्यातही वजन करतात, पण पहिल्याच दिवशी काटेकोरनं तिथल्या काट्यावर एक पाय ठेवला आणि खाली उतरला. "बाई, हा आठशे ग्रॅम जास्त दाखवतोय. याच्या खालची स्प्रिंग थकलीय." नर्सबाईंनी दुसऱ्या काट्यावर पडताळून बघितलं, तर आठशेच. डॉक्टरीणबाई मनापासून हसल्या. "मग तुमच्या घरचाच काटा खरा मानू आपण. काटेवाल्यांवर नाही तर कुणावर विश्वास ठेवायचा?"

घरचा काटा म्हणजे एका बंद पडलेल्या दवाखान्यातून आणलेला उंच लोखंडी काटा, वर दांडी, दांडीवर सरकणारं वजन. काटेकोरनं तो असा काही लावला होता की खिशात रुमाल आहे की नाही हे दांडी सांगायची.

चार आठवडे गेले. पुन्हा रक्त. मास्तरांचा आकडा सातशे नव्वद. काटेकोरचा सोळाशे पन्नास.

"काय केलंत तुम्ही?" व्हरांड्यात बाकावर बसून काटेकोरनं विचारलं. आवाज सरळ ठेवायचा त्यानं फार प्रयत्न केला.

"काही नाही हो. गोळ्या घेतल्या, मीठ सोडलं," मास्तर म्हणाले. "शरीर ऐकतंय म्हणायचं." आणि हसले. लांबच्या काउंटरवरच्या बाईनं मान वर करून बघितलं.

शरीर ऐकतंय! काटेकोरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणजे मास्तरांचं शरीरसुद्धा कवायतीत वाढलेलं, आणि याचं बंडखोर. गोळ्या याच्याही त्याच होत्या, मीठ यानंही सोडलं होतं, वेळ तर हा घड्याळ लावून पाळत होता. मास्तरांना लगेच तारीख मिळाली. बायको बहिणीच्या मदतीला गेली ती चार दिवस तिकडेच. आली तेव्हा मास्तरांच्या हिमतीच्या गोष्टी घेऊन आली. "भावोजी ऑपरेशनला जाताना नर्सना हसवत होते म्हणे. तिसऱ्या दिवशी व्हरांड्यापर्यंत चालले!" काटेकोरच्या पोटात दुखायला लागलं. हे दुखणं कुठल्याही तपासणीत सापडत नाही, आणि सापडलं असतं तर त्याचा आकडा त्या दिवशी जिल्ह्यात पहिला आला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो काट्यावर चढला. चौऱ्याहत्तर किलो दोनशे. काल चौऱ्याहत्तर होतं. त्यानं वही उघडली, पेन्सिल टेकवली, आणि त्याच्या मनात आलं की त्र्याहत्तर आठशे लिहावं. कोण बघतंय? पेन्सिल पहिल्या सातपर्यंतसुद्धा गेली नाही. हात अडलाच. बावन्न वर्षांत त्या हातानं खोटं वजन लिहिलं नव्हतं, आता कसं लिहिणार? त्यानं दोनदा प्रयत्न केला, दोन्हीदा कागदावर नुसता ठिपका पडला.

मग त्यानं एक गंमत केली. गंमत म्हणजे, मनातल्या मनात तो हाच शब्द वापरत होता. त्यानं खालच्या खणातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला, दांडीच्या टोकाला शून्याचा स्क्रू असतो तो अर्धा फेरा आत घेतला, आणि पुन्हा काट्यावर चढला. त्र्याहत्तर आठशे. ते त्यानं मुकाट्यानं, अगदी सुंदर अक्षरात वहीत लिहिलं. काट्यानं दाखवलं तेच लिहिलं, त्यात खोटं काय?

एकदा स्क्रू हलला की हलला. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा फेरा, पाव फेरा. वहीतलं वजन शिस्तीत उतरत गेलं, मास्तरांच्या वहीतलं उतरलं होतं तसंच. सोमवारी फोनवर नर्सबाई म्हणायच्या, "वा, छान चाललंय की!" दुसऱ्या सोमवारी निरोप आला, वजन चांगलं उतरतंय, तेव्हा पाण्याची गोळी अर्धी करा. काटेकोरनं तो निरोप बायकोला दोनदा ऐकवला. गोळी अर्धी तर मास्तरांचीसुद्धा झाली नव्हती.

पुढच्या आठवड्यात चपलेचा पट्टा पायावर रुतायला लागला. झोपताना उशी एक लागायची, आता तीन लागायला लागल्या. बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला धाप लागतेय." तो म्हणाला, "खुब्यामुळे." ती म्हणाली, "खुबा छातीत कधी गेला?" खरं वजन त्याला माहीत होतंच. स्क्रूचा प्रत्येक फेरा किती ग्रॅमचा, ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मनातल्या मनात तो रोज बेरीज करायचा आणि बेरीज रोज वाढत होती. रक्ताच्या तपासणीचा दिवस जवळ आला तेव्हा तो सरळ घाबरला.

तपासणीला बरोबर मास्तरच आले. "मला आता चालायलाच सांगितलंय," म्हणून हातात काठी, तीही नावापुरती. ऑपरेशनला पाच आठवडे झाले होते आणि मास्तर दवाखान्याचे जिने असे चढत होते, जसं काही ते शाळेचं मैदान आहे. काटेकोर लिफ्टमधून आला आणि तरी मागे राहिला.

डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, वही बघितली, पुन्हा कागद बघितला. पेनाचं टोपण बंद केलं आणि उघडायला विसरल्या.

"तेवीसशे," त्या म्हणाल्या. "आणि वजन साडेतीन किलो उतरलंय. हे मला कळत नाहीये. पाणी उतरतंय आणि तरी हृदयावरचा ताण वाढतोय, याचा अर्थ हृदयच थकत चाललंय. दम लागतो?"

"नाही," काटेकोर म्हणाला, आणि ते एवढं बोलण्यासाठी त्याला मधे श्वास घ्यावा लागला.

बाईंनी खाली वाकून त्याच्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरेना. त्या जागेवर जाऊन बसल्या आणि हळू आवाजात बोलायला लागल्या. डॉक्टरांचा आवाज हळू झाला की माणसानं घाबरावं. "काका, तुम्हाला स्पष्ट सांगते. वही खरी असेल तर मी ऑपरेशनला हो म्हणू शकत नाही. आत्ताही नाही आणि बहुतेक पुढेही नाही. आधी हृदयाच्या नळ्यांची तपासणी करावी लागेल, मोठी. खुब्याचं आपण विसरून जाऊ."

खिडकीतली खुर्ची काटेकोरला स्पष्ट दिसली. शेजारी मास्तर बसले होते, दोन्ही हात काठीवर, चेहरा पडलेला. या माणसासमोर नाही, एवढंच काटेकोरच्या मनात होतं. जगात कुणाहीसमोर चालेल, किराणावाल्यासमोरसुद्धा; पण याच्यासमोर नाही.

"मास्तर, तुम्ही जरा बाहेर..." तो म्हणाला.

"मी कुठे जातोय?" मास्तर म्हणाले. "अशा वेळी तुम्हाला एकटं सोडू का?"

झालं. इथेही मास्तर मोठे.

"बाई," काटेकोर जमिनीकडे बघत म्हणाला, "वही खरी आहे. काटा खोटा आहे."

"म्हणजे? बिघडलाय?"

"माझ्याकडचा काटा बिघडत नाही. मी स्क्रू फिरवला." "आज सकाळी माझं वजन सत्त्याहत्तर किलो तीनशे आहे. उतरलं नाही, तीन किलो शंभर वाढलंय. पहिल्या दिवशी चारशेचा फरक केला, चौथ्या दिवशी आणखी दोनशे. सगळे सांगतो, लिहून घ्या." आणि त्यानं खरंच सगळे सांगितले, तारखेसकट, ग्रॅमसकट. डॉक्टरीणबाई लिहीत गेल्या.

लिहून झाल्यावर त्यांनी वर बघितलं. त्या रागावल्या होत्या आणि त्यांना रागावता येत होतं. "तुमच्या वहीवरून मी गोळी अर्धी केली. तुम्ही घरी गुदमरला असतात, कळतंय का? वजन खोटं करता येतं, रक्त नाही करता येत. ते होतं म्हणून आज हे उघडं पडलं. पण का? कशासाठी केलंत?"

काटेकोरनं बरीच उत्तरं जुळवून बघितली. एकही शून्यावर येईना.

"यांचा आकडा उतरला होता," तो म्हणाला, आणि मानेनं शेजारी दाखवलं.

मास्तर हसतील अशी त्याची खात्री होती; काउंटरपर्यंत ऐकू जाईल असं हसतील. मास्तर हसले नाहीत. त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

डॉक्टरीणबाईंनी पाण्याची गोळी दुप्पट केली, आणखी एक गोळी जोडली आणि वर शिक्षाही दिली. रोज सकाळी वजन साडूंच्या देखत करायचं. शून्य साडू तपासणार, वहीत साडू लिहिणार.

दुसऱ्याच दिवसापासून सकाळी सातला दाराशी काठी वाजायला लागली. मास्तर यायचे, दांडी शून्यावर आहे का बघायला डोळे बारीक करून वाकायचे, आणि बावन्न वर्षं दुसऱ्यांचे काटे तपासलेला माणूस बनियनवर हात बांधून उभा राहायचा. बायको मास्तरांना आधी चहा द्यायची. काटेकोर जळफळायचा, पण चढायचा. मास्तर खणखणीत आवाजात आकडा वाचायचे, पूर्वी हजेरी घ्यायचे तसा, आणि तो शेजारच्यांनाही कळायचा. आकडा मात्र उतरत होता. शहात्तर, पंचाहत्तर, त्र्याहत्तर. चप्पल सैल झाली, उशा तीनच्या दोन झाल्या.

तिसऱ्या आठवड्यात एका सोमवारी मास्तरांनी आकडा वाचला नाही. नुसताच लिहिला आणि वही मिटली. दुपारी नर्सबाईंना फोन करायचा होता, आणि वजन बाहत्तरच्या वर गेलं नाही तर बुधवारी रक्त घेणार होते.

"दाखवा वही," काटेकोर म्हणाला.

"कशाला? लिहिलंय की."

त्यानं वही ओढून घेतली. बाहत्तर किलो. त्यानं दांडीकडे बघितलं. तिच्यावरचं सरकतं वजन अजून जागेवरच होतं. बाहत्तर चारशे.

"मास्तर, हे काय?"

मास्तर पहिल्यांदाच त्याच्यासमोर चाचरले. "अहो, चारशे ग्रॅमनं काय होतंय? काल पाणी जास्त प्यालात तुम्ही. उगीच तुमची तारीख पुढे जाईल. दुकान बंद आहे तुमचं."

काटेकोर बघतच राहिला. स्वतःसाठी खोटं लिहायचं म्हटलं तर त्याची पेन्सिल हलली नव्हती. या माणसानं दुसऱ्यासाठी लिहिलं, तेही एका झटक्यात, गिचमिड अक्षरात. काटेकोरला त्यांचा राग आला, माया आली, आणि त्या दोन्हींच्या वर, सवयीनं, हेवा वाटला. खोटेपणातसुद्धा हा पुढेच.

"खोडा ते," तो म्हणाला. "बाहत्तर चारशे लिहा. नाही, द्या इकडे, मीच लिहितो."

दुपारी त्यानं स्वतः फोन केला. रक्त एक आठवडा पुढे ढकललं, गोळी थोडी बदलली. पुढच्या बुधवारी आकडा आला आठशे साठ. डॉक्टरीणबाईंनी खालच्या मजल्यावर फोन लावला आणि हो म्हणाल्या. मास्तरांपेक्षा सत्तर जास्त आहेत, हे काटेकोरच्या मनात येऊन गेलंच.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी व्यायाम घेणाऱ्या मुलीनं त्याला वॉकर धरून उभं केलं. घाम फुटला, डोळ्यांसमोर काजवे चमकले, पण पाय जमिनीवर टेकला आणि खुबा ओरडला नाही. एक, दोन, तीन, चार.

"छान, काका! पहिल्याच दिवशी चार पावलं!"

"मास्तरांनी पहिल्या दिवशी किती टाकली होती?" काटेकोरनं विचारलं.

मुलीला काही कळेना. मास्तर दाराशी उभे होते, पाठ ताठ.

"दोन," ते म्हणाले. "तीही रडत."

काटेकोरनं त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, काटा बघावा तसं. खरं असेल, किंवा त्यातही थोडं कमी करून सांगितलं असेल. बायकोला विचारलं असतं तर लगेच कळलं असतं. ती शेजारीच उभी होती.

त्यानं विचारलं नाही. वॉकर पुढे सरकवला आणि पाचवं पाऊल टाकलं.